परदेशी निघण्यापूर्वी तांड्यावर



सहा महिन्यांसाठी मी केनियात जाणार आहे, ही वार्ता आपल्या मंडळात पसरल्यापासून जो तो मला सामानाविषयी विचारतो. कोणी जुना नेब्युलायझर देऊ करतो, कोणी औषधांच्या नमुन्यांची पेटी. या सद्भावनेचा मी ऋणी आहे. परंतु व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या ज्या प्रकल्पाने मला बोलावले आहे, तेथे दवाखाना नाही. खेड्यांतील मातांना बालसंगोपन शिकविणाऱ्या स्थानिक कार्यकर्त्या तेथे तयार होतात, आणि त्यांच्या वर्गांना साहाय्य करणे एवढेच माझे काम. शिवाय आपल्याकडील वैद्यकीय नोंदणी तेथे चालत नाही. रुग्ण तपासायचा तर त्या देशाच्या परिषदेचा परवाना हवा. म्हणजे माझ्यापाशी उरते ती केवळ वाणी. आणि तीच माझी दुबळी बाजू आहे, हे मी एका मुलाच्या जिवावर बेतल्यानंतर शिकलो.

पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. कोहिनूरला, माझ्या गावी, दवाखाना थाटून वर्षही झाले नव्हते. जवळच्या तांड्यावरील एक लमाणी बाई दीड वर्षाचे जुलाब झालेले मूल घेऊन आली. मी तिला क्षारसंजीवनीची पुडी दिली आणि एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात कालवायला सांगितले. प्रथम मराठीत, मग कानडीत. शेवटी "तिळीतेनु?" असे विचारले. ती "हूं" म्हणाली. दुसऱ्या दिवशी मूल झटके देत परत आले. लिटर म्हणजे किती हे तिला ठाऊक नव्हते. तिने संपूर्ण पुडी एका पेल्यात कालवून पाजली होती. रक्तातील सोडियम भलतेच चढले होते. मोठ्या रुग्णालयात चार दिवसांनी मूल वाचले. केसपेपरावर मात्र माझ्याच अक्षरात 'मातेस समजावून सांगितले' असे लिहिलेले होते. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे.

आपल्या भागात मराठी, कानडी आणि दख्खनी या तिन्ही भाषा बोलणारा डॉक्टर स्वतःला बहुभाषक समजतो. तांड्यावरची गोरबोली आपल्यापैकी कितीजणांना येते? मला पंचवीस वर्षांत आली नाही, कारण ती शिकण्याची निकड मला भासली नाही. रुग्ण माझ्याकडे येत होते. भाषेची अडचण त्यांची होती.

या संदर्भात आपल्या शेजारच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. १९३८ च्या सप्टेंबरमध्ये पाच भारतीय डॉक्टरांचे पथक चीनला निघाले, तेव्हा ते अवघे सत्तावीस वर्षांचे होते. शांतारामबापूंच्या १९४६ च्या चित्रपटामुळे त्यांचे नाव घरोघरी पोहोचले आणि रणभूमीवरील शस्त्रक्रिया सर्वांच्या स्मरणात राहिल्या. मला मात्र त्यांच्या चरित्रातील दुसरीच बाब अधिक मोलाची वाटते. ते चिनी भाषा शिकले, आणि ती इतकी की तेथील विद्यार्थ्यांना त्याच भाषेत वैद्यक शिकवू लागले. १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते पहिले संचालक झाले. पुढच्याच वर्षी, ९ डिसेंबरला, बत्तिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. पाहुणा म्हणून गेलेला माणूस त्यांचा गुरुजी झाला, तो भाषेच्या बळावर.

केनियाची तयारी म्हणून मी आधी स्वाहिली शिकू लागलो. ती सोपी वाटली, कारण औषधाला 'दावा', साबणाला 'साबुनी', दुकानाला 'दुका', आणि चपातीला चपातीच! अरबी व्यापाऱ्यांनी व आपल्या लोकांनी समुद्रापलीकडे बरेच शब्द पोहोचविले आहेत. मी खुशीत होतो. मग प्रकल्पाच्या बाईंनी दूरध्वनीवर सांगितले की शाळा-कचेरीत स्वाहिली चालते, पण सरोवराकाठच्या आया घरी लुओ बोलतात. मला कोहिनूरचा तो पेला आठवला. राज्याची भाषा एक आणि चुलीजवळची दुसरी, हे तेथेही तसेच आहे. आता लुओचे धडे चालू आहेत. मूल म्हणजे 'न्याथी', आणि पाणी म्हणजे 'पी'. हा दुसरा शब्द तरी मराठी माणूस विसरणार नाही.

येथे माझे मत स्पष्टपणे मांडतो. काहींना ते कटू वाटेल. दोन आठवड्यांसाठी परदेशी जाऊन शिबिर घेणे, मुलांसह छायाचित्रे काढणे आणि परतताना अभयारण्य पाहणे, याला सेवा म्हणू नये. तो प्रवास आहे, आणि तो स्वखर्चाने अवश्य करावा. आपल्या मंडळाने कोणाला शिक्षणकार्यासाठी पाठवायचे असेल, तर त्याने आधी सहा महिने आपल्याच तालुक्यातील तांड्यावर दर रविवारी शिकवावे. जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्यसेविका केले. ते काम पाहायला आणि शिकायला परदेशांतून माणसे तेथे येतात. आणि आपण शिकविण्याची संथा घेण्यापूर्वीच विमानाचे तिकीट काढतो.

पीतज्वराची लस मी टोचून घेतली आहे. ती प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि तिचे प्रमाणपत्र २०१६ पासून आजन्म ग्राह्य आहे. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्याही ठरल्या. ही तयारी दोन दिवसांत झाली.

दुसरी तयारी गेले चार महिने तांड्यावर चालली आहे. आता मी "समजले का?" असे विचारत नाही. पुडी, घरातलेच भांडे आणि पाणी आईच्या पुढ्यात ठेवतो आणि तिलाच कालवायला सांगतो. लिटर त्यांच्या कोणत्या भांड्याने किती वेळा भरतो, हे आधी त्यांच्याकडूनच शिकून घेतले. पहिल्या रविवारी नऊ जणींपैकी दोघींनाच जमले. उरलेल्या सात जणींच्या चुका या माझ्या शिकविण्याच्या होत्या. एक म्हातारी बाजूला बसून सारे पाहत होती. निघताना म्हणाली, "डाक्टर, तुम्ही सांगता लई, इचारत न्हाई."

जूनमध्ये निघायचे आहे. तोवर अजून आठ रविवार शिल्लक आहेत. त्या म्हातारीने मला गोरबोलीचे चार शब्द दर रविवारी शिकवायचे कबूल केले आहे. मागच्या खेपेला त्यांपैकी दोन मी चुकलो.