सालामांकाला जाताना

मुलगी परदेशी शिकायला निघाली, की घरात आनंदीआनंद होतो. मात्र ती संगणकशास्त्र किंवा व्यवस्थापन नव्हे, तर स्पॅनिश शिकायला निघाली आहे असे कळले, की तोच आनंद जरा ओसरतो. "म्हणजे नुसती भाषाच? तिचा उपयोग काय?" हा प्रश्न मी इतक्या घरांतून ऐकला आहे, की आता त्याचा राग येत नाही. शिवाय तो विचारणारे आपण काही पहिले नव्हे. खुद्द स्पेनच्या राणीनेही तो विचारला होता.

आंतोनियो दे नेब्रिखा या पंडिताने लिहिलेले स्पॅनिशचे व्याकरण १४९२ साली सालामांका शहरात छापले गेले. युरोपातील प्रचलित लोकभाषेचे हे पहिले छापील व्याकरण मानतात. नेब्रिखानेच प्रस्तावनेत हकीकत दिली आहे. ग्रंथाचा नमुना पाहून राणी इसाबेलाने विचारले, याचा उपयोग काय? तेथे हजर असलेल्या बिशपने परस्पर उत्तर दिले, की जिंकलेल्या प्रजेला आपले कायदे कळायचे तर आपली भाषा शिकावी लागेल, तेव्हा हे पुस्तक कामी येईल. कोलंबसाची पहिली सफर निघाली, तेही हेच वर्ष. आज स्पॅनिश वीस देशांची राजभाषा आहे.

नोकरीचा हिशेब मांडणाऱ्या पालकांना एवढे पुरेसे वाटेल. त्यात गैर काही नाही. शिक्षणाला पैसा लागतो आणि तो परत यावा असे कोणालाही वाटणारच. पण निव्वळ नोकरीपुरती भाषा पुण्या-मुंबईच्या वर्गांतही शिकता येते. त्यासाठी समुद्र ओलांडायचा कशाला? समुद्र ओलांडायचा तो त्या लोकांत राहण्यासाठी. आणि राहायला जाताना आपली मराठी घरी ठेवून जाऊ नये, एवढेच मला सांगायचे आहे.

सालामांकाचे विद्यापीठ १२१८ सालचे. परदेशी विद्यार्थ्यांसाठी तेथे १९२९ पासून अभ्यासक्रम चालतात. मी तेथे शिकत असताना एक गंमत पाहिली. 'मे गुस्ता एल काफे' हे साधे वाक्य माझ्या इंग्रज सहाध्यायांना काही केल्या पचेना. 'मी'चा 'मला' का होतो, हेच त्यांना कळेना. आपल्याला त्यात काय अवघड? 'मला कॉफी आवडते'! पुढे 'मे गुस्तान लास नारांखास' आले. संत्री अनेक, म्हणून क्रियापदही अनेकवचनी. 'मला संत्री आवडतात' तसेच. शिवाय 'नारांखा' हा शब्द आपल्या नारिंगाचाच भाऊबंद. संस्कृतातून फारसी आणि अरबीच्या वाटेने तो तिकडे पोचला. आपली साखरही अशीच तिकडे जाऊन 'आथूकार' झाली.

आपली मुले मात्र हे सारे इंग्रजीतून शिकतात. वहीत इंग्रजी अर्थ लिहितात, इंग्रजीत विचार करतात आणि इंग्रजांना पडणाऱ्या अडचणी विनाकारण ओढवून घेतात. जी वाट आपल्या अंगणातून जाते, तिच्यासाठी दूरचा वळसा घालतात.

संस्कृतीचेही तेच. जेवण संपल्यावर तेथे माणसे ताबडतोब उठत नाहीत. त्या बसण्याला 'सोब्रेमेसा' असा खास शब्द आहे. परदेशी विद्यार्थी तो पाठ करतात. ज्याने घरी हात वाळेपर्यंत गप्पा मारल्या आहेत, त्याला तो पाठ करावा लागत नाही. म्हणूनच वसतिगृहात आपल्याच देशबांधवांबरोबर राहण्यापेक्षा एखाद्या कुटुंबात राहावे. भाषेचा निम्मा अभ्यास त्या जेवणाच्या टेबलावर होतो.

विद्यापीठात फ्राय लुईस दे लेओन यांची वर्गखोली ओबडधोबड लाकडी बाकांसह जपून ठेवली आहे. बायबलमधील एक भाग त्यांनी लोकभाषेत आणला. त्यांच्यावरील आरोपांपैकी तो एक होता, आणि १५७२ ते १५७६ अशी वर्षे त्यांना धर्मपीठाच्या कैदेत काढावी लागली. त्याच शतकात पैठणचे एकनाथ महाराज मराठीत भागवत सांगत होते, आणि त्यापायी त्यांना काशीच्या पंडितांचा रोष पत्करावा लागल्याची कथा आपल्याकडे सांगतात. ही दोन नावे शेजारी ठेवून पाहण्याची दृष्टी कोणत्याही प्रमाणपत्रावर मिळत नाही. तिला दोन्ही भाषा लागतात.

स्पॅनिशमधले कितीतरी साहित्य आपल्यापर्यंत इंग्रजीच्या हातून आले. ज्यांनी ते आणले त्यांचे ऋण आहेच. पण तिकडचा लेखक इंग्रजीच्या ओसरीवर न थांबता थेट मराठीच्या माजघरात यायचा असेल, तर त्याला घेऊन येणारी माणसे लागतील. तेव्हा मुलगी स्पॅनिश शिकायला निघालीच, तर तिला मोकळ्या मनाने निरोप द्यावा. सामानात चार मराठी पुस्तके आणि एक चांगला मराठी शब्दकोश तेवढा आठवणीने ठेवावा.