भिजका मका व कोंबड्यांचें खाद्य

कोंबड्यांस कांहींही चालतें, हा समज आपल्याकडे फार जुना आहे. परतीच्या पावसांत मका सांपडला, कणसांवर हिरवट बुरशी चढली, कीं घरांतील वडील मंडळी सांगतात, "टाकूं नका, कोंबड्यांच्या खाद्यास जाईल." आळेफाट्यावर पुणें-नाशिक व कल्याण-अहिल्यानगर हे दोन रस्ते मिळतात, अशा नाक्यावर भिजक्या मालासही गिऱ्हाईक भेटतें. भाव पडतो, पण माल जातो. तो पुढें कोठें गेला, याची चौकशी आपण करीत नाहीं. तोच मका भरडा होऊन आपल्याच शेडांत परत येण्याचा संभव असतो, हें मात्र विसरून चालणार नाहीं.

1960 सालीं इंग्लंडांत टर्की जातीचे एक लाखाहून अधिक पक्षी मेले. शोध करतां कारण निघालें तें ब्राझील देशांतून आलेल्या भुईमुगाच्या पेंडींत. तींत वाढलेल्या बुरशीनें विष उत्पन्न केलें होतें. त्यासच पुढें अफ्लाटॉक्सिन हें नांव पडलें. आपल्या देशांत 1974 सालीं पंचमहाल व बांसवाडा या जिल्ह्यांत अवेळीं पावसानें भिजलेला मका माणसांनींच खाल्ला, आणि यकृताच्या विकारानें शंभरावर माणसें दगावलीं. त्या गांवांतील कुत्रींही त्याच दुखण्यानें मेलीं. जें धान्य धडधाकट माणसास पचलें नाहीं, तें चार दिवसांच्या पिलास पोसील ही आशा कोणत्या हिशेबांत बसते?

हें विष दरवेळीं जीव घेतेंच असें नाहीं, आणि खरा घोटाळा तेथेंच आहे. रोज थोडें थोडें पोटांत गेलें कीं पक्षी खातो, पण खाल्लेलें अंगीं लागत नाहीं. यकृत सुजून फिकट पिवळें पडतें, अंडीं घटतात, मांसांत रक्ताचे डाग दिसूं लागतात. प्रतिकारशक्ति खालावल्यामुळें रानीखेत वा गंबोरोची लस वेळेवर देऊनही ती लागू पडत नाहीं, आणि बोल मात्र लशीला लागतो. मका भाजला, भरडला, बुरशी झटकून लख्ख केला, तरी विष दाण्यांत राहतेंच. खाद्यांत विशिष्ट माती मिसळण्याचा उपाय अफ्लाटॉक्सिनवर कांहींसा चालतो. इतर बुरशींच्या विषांवर त्याचा फारसा गुण येत नाहीं. भारतीय मानकानें कोंबडीखाद्यांत ठरविलेली मर्यादा किलोस 20 मायक्रोग्रॅम, म्हणजे टनांत 20 मिलिग्रॅम आहे. एवढेंसें कांहीं डोळ्यांनीं वा नाकानें ओळखतां येईल काय?

आतां करारावर पक्षी पाळणाऱ्यांविषयीं. पिलें, खाद्य व औषधें कंपनीचीं. शेड, पाणी, वीज व मेहनत शेतकऱ्याची. मेहनताना ठरतो तो किती खाद्यांत किती वजन निघालें व किती मर झाली यावर. खाद्य सदोष असेल तर वजन घटतें, मर वाढते, आणि कपात होते ती शेतकऱ्याच्या रकमेंतून. जें खाद्य त्यानें निवडलें नाहीं, त्याची जबाबदारी त्याच्या माथीं! तक्रार करावी तर उत्तर ठरलेलें: तुमची व्यवस्था बरोबर नव्हती. पोतीं तर केव्हांच रिकामीं झालेलीं असतात.

आमचा जन्म महसूल खात्यांत गेला. पंचनाम्यावांचून झालेलें नुकसान कागदावर येत नाहीं, हें आम्ही तेथें पुरतें शिकलों. म्हणून आमचें म्हणणें असें कीं, खाद्याची गाडी येतांच नमुना घ्यावा. विष सर्व मालांत सारखें नसतें, त्यामुळें एका पोत्यांतील मूठ उपयोगाची नाहीं. अनेक पोत्यांतून थोडें थोडें काढून तें एकत्र कालवावें. कोरड्या कापडी वा कागदी पिशव्यांत त्याचे दोन भाग करावे, मोहोर करून तारीख घालावी आणि गाडीवानाची सही घ्यावी. एक पिशवी शेतकऱ्याकडे, एक कंपनीकडे. बॅच विकून हिशेब चुकता होईपर्यंत दोन्ही जपाव्या. हें कलम करारांतच लिहिलें पाहिजे. एकट्यादुकट्यानें मागितल्यास पुढची पिलें न मिळण्याची भीति असते, हें आम्ही जाणतों. म्हणूनच ही मागणी संघानें सर्वांच्या वतीनें केली पाहिजे.

कंपनीचें म्हणणें सर्वस्वीं खोटें असतें असेंही नाहीं. चांगलें खाद्य आपल्याच शेडांत बिघडल्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत. पोतीं भिंतीस टेकून व जमिनीवर टाकलेलीं, पत्रा गळका, खाद्याच्या भांड्यांत कालचा ओला थर तसाच! फळ्यांवर पोतीं ठेवण्यास व भांडीं घासण्यास कोणाचा करार आड येत नाहीं.

आणि मोहोरबंद नमुना मागणाऱ्यानें स्वतःचा ओला मका कोणत्या तोंडानें विकावा? साठवणीच्या मक्यांत ओलावा 12-13 टक्क्यांवर नसावा. तो मोजण्याचें यंत्र संघानें आळेफाट्यास ठेवावें, आणि वाळलेल्या मक्यास ओल्याहून चढा भाव मिळवून द्यावा. नुसत्या उपदेशानें खळ्यावर मका वाळत घालण्याची कोणी तसदी घेणार नाहीं. मक्याची काढणी सुरू होण्यापूर्वीं हे दोन्ही विषय सभेपुढें घ्यावे, अशी आमची सूचना आहे.