पेटी हलवून बघा!

दोस्तांनो, परवा आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी घरी आला. आता नववीत आहे. मामानं त्याला इलेक्ट्रिक गिटार दिलीय. म्हणाला, "सर, घनसावंगीहून जालन्याला क्लासला जायचंय, एसटीनं. कडक पेटी घ्यायचीय. मोठी घेऊ ना? कुठलीही गिटार बसेल!"

मी म्हटलं, थांब रे बाबा!

हीच चूक मी केलीय. गॅदरिंगसाठी हार्मोनियम नेताना भली मोठी पेटी आणली. खड्ड्याखड्ड्याला हार्मोनियम आत आपटत राहिली. पोहोचलो तेव्हा दोन पट्ट्या दबल्या त्या वर येईनात. पेटीला मात्र ओरखडासुद्धा नाही!

मिरजेच्या तंबोऱ्याचं बघा. (२०२४ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं.) त्याचा भोपळा शेतातला, म्हणून प्रत्येकाचा घेर वेगळा. तिथं घेर मोजल्याशिवाय पेटी घेऊन कसं चालेल? गिटार कारखान्यातली असली तरी साऱ्या सारख्या नसतात. १९५४ साली आलेली फेंडरची स्ट्रॅटोकास्टर साधारण ३९ इंच लांब, तिचं डोकं मानेच्या जवळजवळ सरळ रेषेत. १९५२ साली आलेल्या गिब्सनच्या लेस पॉलचं डोकं मात्र मागे झुकलेलं, बहुधा १७ अंशांनी. एकीच्या पेटीत दुसरी नीट बसेलच असं नाही.

आता खरी गोम ऐका. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला की गाडी थांबते, आपण पुढे जातो. तेच जडत्व! पेटी पाठीवर पडली की गिटारचं अंग गादीवर थांबतं, पण खुंट्यांच्या वजनाचं डोकं खाली जायला बघतं. मान आणि डोकं जुळतात तिथं लाकूड बारीक. तिथंच कडकन मोडतं. म्हणून मानेखाली आधार हवा, नि डोकं मोकळं, कशालाही न टेकलेलं. बरेच जण प्रेमानं डोक्याखालीच कापड कोंबतात. तसं करू नका हं!

अंग गादीत अलगद उतरलं पाहिजे. ढकलावं लागलं तर पेटी लहान. झाकण दाबून कड्या लावाव्या लागल्या, तरी नकोच. मग पेटी बंद करून दोन्ही हातांनी उचला, हळूच डावी-उजवीकडे कलती करा, कान द्या. आत 'धप्प' वाजलं तर ती पेटी दुकानदाराला परत. स्वस्त असली तरी!

आम्ही टेपनं गिटार मोजली. लांबी, अंगाची रुंदी, जाडी, डोक्याचा कल, सगळं त्यानं एसटीच्या तिकिटामागं लिहून घेतलं. तरी मी सांगितलं, दुकानात गिटारच घेऊन जा.

येत्या शनिवारी ती चादरीत गुंडाळून, मांडीवर धरून तो जालन्याला निघणार आहे. खिडकीची जागा मिळाली तर बरं!