बंबफोड आणि यतना

पनवेलहून माथेरानच्या रस्त्याला लागले की सुकापूर येते. येथील नव्या इमारतींत पाणी गॅसवर वा विजेवर तापते. तरी आसपासच्या जुन्या घरांच्या परसात तांब्याचा बंब अजून आढळतो. त्याच्या बंबफोडीसाठी लाकडाच्या वखारीतील कापून उरलेले तुकडे व ढलप्या सोयीच्या ठरतात. झाड इमारती कामासाठी आधीच कापलेले असते. सरपणासाठी वेगळी तोड होत नाही, हा त्यांचा मोठा गुण. दोष एवढाच की, ताज्या कापणीचे हे लाकूड ओले असते.

वजनाचा व्यवहार जाणणाऱ्या कुटुंबांना हा दोष आकड्यांतून चटकन उमगेल. १०० किलो तुकड्यांत ४० किलो पाणी असेल आणि ओल २० टक्क्यांवर येईपर्यंत ते वाळवले, तर ढीग ७५ किलोंचा उरतो. म्हणजेच लाकडाच्या भावाने २५ किलो पाणी खरेदी केलेले असते. त्या प्रत्येक किलोची वाफ होण्यास सुमारे ५४० किलोकॅलरी उष्णता खर्ची पडते. धुराची हानी तर याहून मोठी. ओल्या लाकडाचा जाळ मंद राहतो, त्यातून सुटणारे वायू पुरते पेटत नाहीत. काही इंधन काजळी होते, तर काही फुंकणी धरणाऱ्या गृहिणीच्या डोळ्यांत व छातीत जाते.

श्रावकाच्या घरात याशिवाय जीवदयेचाही प्रश्न उभा राहतो. ओलसर, सालीसकट पडलेल्या लाकडात मुंग्या, वाळवी, भुंगेरे आश्रय घेतात. म्हणून सरपण झटकून, पुंजणीने हलकेच पुसून मगच चुलीत घालण्याची रीत आहे. परंतु यतना केवळ पेटवण्याच्या क्षणी सुरू झाली, तर ती उशिरा झालेली असते. जीवांना तेथे घर करण्यास वावच न देणे, ही तिची पहिली पायरी.

त्यासाठी दिवाळी उलटताच तुकडे मनगटाएवढे फोडावेत व साल काढावी. विटांवर, जमिनीपासून वीतभर उंच, उभे-आडवे थर रचावेत. वर पत्रा असावा, बाजू वाऱ्याला मोकळ्या असाव्यात. प्लास्टिकने ढीग गुंडाळल्यास ओल आतच कोंडते. एक मोळी खूण करून दर आठवड्याला तोलावी. वजन उतरण्याचे थांबले की लाकूड वाळले असे समजावे. दोन तुकडे एकमेकांवर आपटल्यास खणखणीत आवाजही येतो. आगोटीपूर्वी ही बेगमी छपराखाली न्यावी.

प्लायवूड, रंगवलेल्या फळ्या आणि रसायन मुरवलेले हिरवट झाक असलेले लाकूड मात्र कधीही जाळू नये. त्यांचा धूर विषारी असतो. बंद न्हाणीघरात बंब पेटवणे तर जिवावर बेतते, कारण तेथे साठणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो.

वखारीतून आलेली मोळी त्याच दिवशी बंबात गेली, तर स्वस्ताईचे समाधान मिळते. सहा महिने थांबली, तर तेवढेच पाणी कमी लाकडात तापते, घरातील श्वास मोकळा राहतो आणि आगीत सापडणारे जीवही वाचतात.