आरोपपत्रातून खोडलेले नाव

जपानचा गॉडझिला म्हणजे रबरी पोशाखातला माणूस आणि पायाखाली मोडणारी खेळण्यातली घरे. बाळगोपाळांच्या या करमणुकीत चळवळीने लक्ष घालावे असे काय आहे, असा सूर पुरोगामी वर्तुळांतही ऐकू येतो. हा सूर अज्ञानमूलक तर आहेच. पण त्याचा लाभ कोणाला होतो हे पाहिले म्हणजे तो निरुपद्रवीही राहत नाही.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी येथे हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. तिची राख ‘फुकुर्यू मारू’ या जपानी मासेमारी नौकेवर बरसली. नौकेवरील २३ जण किरणोत्सर्गाने आजारी पडले आणि बिनतारी यंत्र सांभाळणारे कुबोयामा सप्टेंबरात मरण पावले. दूषित मासळी फेकून द्यावी लागली. तोक्योच्या सुगिनामी भागातील गृहिणींनी बॉम्बविरोधी सह्यांची मोहीम उभारली. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला तोहो कंपनीचा ‘गोजिरा’ पडद्यावर आला. त्याच्या आरंभीच समुद्रातून प्रखर प्रकाश उसळतो आणि एक नौका पेटून बुडते. तो प्रकाश कोठला, हे जपानी प्रेक्षकाला समजावून सांगण्याची गरज नव्हती. दिग्दर्शक इशिरो होंडा हे चीनमधील युद्धकैदेतून १९४६ साली परतताना हिरोशिमाच्या भग्नावशेषांतून गेले होते.

तोहो ही काही लोकसेवी संस्था नव्हे. १९४८ साली तिच्या स्टुडिओतील कामगारांनी नोकरकपातीविरुद्ध संप केला, तेव्हा तो मोडण्यासाठी जपानी पोलिसांच्या पाठीशी अमेरिकन रणगाडे आणि विमाने उभी राहिली होती. त्याच कंपनीतून सहा वर्षांनी असा चित्रपट निघावा, याचे श्रेय मालकांच्या उदारतेला देण्याचे कारण नाही. जनमत एवढे तापले होते की त्याला बाजारभाव आला होता.

पुढे १९५६ साली अमेरिकन वितरकांनी हा माल आपल्या बाजारासाठी ‘सुधारून’ घेतला. रेमंड बर या नटाला अमेरिकन वार्ताहर म्हणून मध्येच घुसविले आणि जपानी माणसांच्या दुःखाचा साक्षीदारही अमेरिकनच ठरविला. बॉम्बचा उल्लेख ओझरता उरला. पण नागासाकीतून वाचलेल्या तरुणीचे आगगाडीतील उद्गार गेले. चाचण्या चालूच राहिल्या तर असा दुसरा राक्षस उद्भवेल, हा डॉ. यामाने यांचा अखेरचा इशाराही गेला. त्याऐवजी संकट टळले, जग आता सुखाने जगेल, अशी ग्वाही आली. विध्वंस ठेवला, विध्वंसाचा कर्ता खोडला! सेन्सॉरच्या शिक्क्याची गरज पडली नाही. तिकीटखिडकीचा हिशेब पुरेसा होता.

खुद्द तोहोनेही नंतर राक्षसाला मुलांचा लाडका रक्षक बनविले. तरीही १९६४ च्या ‘मोथ्रा’विरुद्धच्या चित्रपटात एक व्यापारी वाहून आलेले प्रचंड अंडे कोळ्यांकडून कोंबडीच्या अंड्यांच्या दराने विकत घेतो आणि त्याभोवती तिकीट लावण्याचा घाट घालतो. भांडवलाची एवढी नेमकी व्याख्या आपल्या अभ्यासवर्गांतही क्वचितच ऐकायला मिळते. १९७१ सालच्या ‘हेडोरा’तील राक्षस तर कारखान्यांच्या सांडपाण्यावर पोसलेला होता.

बिकिनीच्या नुकसानीपोटी अमेरिकेने जानेवारी १९५५ मध्ये जपानला २० लक्ष डॉलर दिले. कायदेशीर जबाबदारी मात्र स्वीकारली नाही. आणि होंडांचा मूळ चित्रपट कात्री न लागता अमेरिकेतील सर्वसाधारण चित्रपटगृहांत पोहोचण्यास २००४ साल उजाडावे लागले.