वचनभंग कोणाचा?

न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या आमच्या एका माजी विद्यार्थिनीच्या मुलीने डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका महाविद्यालयास दोन ओळींचे पत्र धाडले : माझा अर्ज अर्ली डिसिजनमधून काढून रेग्युलर डिसिजनमध्ये वर्ग करावा. नोव्हेंबरात तिच्या वडिलांची नोकरी गेली होती. पत्र जाताच शाळेतील समुपदेशिका नाराज झाल्या, आणि परिचयातील मराठी कुटुंबांत कुजबुज सुरू झाली. 'शब्द दिला होता ना? मग?' ह्या 'मग?'चा आम्हांस समाचार घ्यावयाचा आहे.

शब्द कसला, ते आधी पाहू. अर्ली डिसिजन म्हणजे साधारणतः 1 नोव्हेंबरपर्यंत एकाच महाविद्यालयाकडे असा अर्ज करणे, की प्रवेश मिळाल्यास तेथेच जाईन आणि इतर सर्व अर्ज मागे घेईन. ह्या करारपत्रावर सतरा वर्षांचे मूल, पालक आणि समुपदेशक अशा तिघांच्या सह्या असतात. निकाल डिसेंबरच्या मध्यास लागतो. रेग्युलर डिसिजनचे अर्ज जानेवारीच्या आरंभी जातात, उत्तरे मार्चअखेरीस येतात, आणि हाती आलेल्या सगळ्या देकारांची तुलना करून 1 मेपर्यंत निवड करता येते. शिष्यवृत्ती व आर्थिक साहाय्याचा आकडा अर्ली डिसिजनवाल्यास कळतो तो प्रवेशाबरोबर, म्हणजे बांधले गेल्यानंतर. देण्याघेण्याचा आकडा साखरपुड्यानंतर सांगू, होकार मात्र आज द्या, असे कोणी वरपक्ष म्हणाला तर आपण त्यास काय म्हणू? (आपल्याकडे असे वरपक्ष नव्हते असे नाही.)

ह्यावर ठरलेले उत्तर असते की साहाय्य अपुरे पडल्यास करारातून मुक्त होता येते. येते खरे. पण अपुरे म्हणजे कशाहून अपुरे? तुलनेसाठी दुसरा देकारच हाती नसताना हे कुटुंब कशाच्या आधारे बोलणार? 2011पासून प्रत्येक महाविद्यालयास आपल्या संकेतस्थळावर खर्चाचा अंदाज देणारे गणकयंत्र ठेवणे कायद्याने भाग आहे. परंतु तो अंदाजच. आईबाप विभक्त असले, घरचा छोटा धंदा असला, किंवा नोव्हेंबरात नोकरी गेली, की त्या अंदाजाचे काय होते हे अशा घरांनाच विचारावे. शिवाय माघारीची किंमत एकटे मूलच मोजते असेही नाही. एका विद्यार्थ्याने शब्द फिरवला म्हणून ट्यूलेन विद्यापीठाने 2025 मध्ये कोलोरॅडोतील एका शाळेच्या पुढील विद्यार्थ्यांना वर्षभरासाठी अर्ली डिसिजनचे दार बंद केले. समुपदेशिका नाराज का होतात, ते ह्यावरून उमगते. त्यांना आमचा दोष नाही.

आता मुख्य मुद्दा. अर्ली डिसिजनच्या अर्जावर डिसेंबरात महाविद्यालय तीन उत्तरे देऊ शकते : होय, नाही, आणि 'डिफर'. डिफर म्हणजे काय? तुमचा अर्ज आम्ही रेग्युलर डिसिजनच्या गठ्ठ्यात टाकत आहोत, वसंतात पाहू. म्हणजे जी गोष्ट ह्या मुलीने मागितली, नेमकी तीच! महाविद्यालयाने ती केली की ती 'प्रक्रिया' ठरते, मुलीने विनंती केली की वचनभंग. महाविद्यालयाने कोणतेही वचन दिलेले नव्हते, हे तर उघडच आहे. एकतर्फी वचनास मराठीत आपण वचन म्हणत नाही. त्यास वेठ म्हणतात.

आणि ह्या मुलीने तर निकाल लागण्यापूर्वीच पत्र लिहिले. शब्द अमलात येण्याची वेळ प्रवेश मिळाल्यावरची. तोवर कोणाची जागा अडली नव्हती, कोणाचा प्रवेश हुकला नव्हता. निकालापूर्वी अशी विनंती आल्यास अनेक महाविद्यालये ती मुकाट्याने मान्यही करतात. मग नीतीचा एवढा आव कशासाठी? प्रवेश मिळाल्यावर, दुसरीकडे बरे काही हाती लागले म्हणून, सही विसरणाऱ्याचे समर्थन आम्ही करणार नाही. ती गोष्ट वेगळी. दोहोंस एका मापाने मोजणे हीच मुळात बौद्धिक आळसाची खूण होय.

महाविद्यालयांचा स्वार्थ तसा लपलेला नाही. प्रवेश दिलेल्यांपैकी किती जण प्रत्यक्ष येतात, ह्या आकड्यावर त्यांची जागांची व पैशांची गणिते बसतात, आणि बांधलेला विद्यार्थी जवळजवळ हमखास येतो. म्हणून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठासारख्या संस्था निम्म्याच्या आसपास वर्ग ह्याच मार्गाने भरतात. विद्यार्थ्यास लाभ नाही असे नव्हे : अ‍ॅव्हरी, फेअरबँक्स आणि झेकहाउझर ह्यांनी 2003 मधील आपल्या पुस्तकात दाखवले की लवकर अर्ज करणे हे एस.ए.टी.त सुमारे शंभर गुण अधिक मिळवण्यासारखे आहे. पण हे शंभर गुण मिळतात कोणास? ज्यास किंमत न विचारता सही करणे परवडते त्यास. 2006 मध्ये प्रिन्स्टन व व्हर्जिनिया विद्यापीठाने हाच अन्याय ओळखून अर्ली डिसिजन बंद केले. प्रिन्स्टनने पुढे 2011 मध्ये लवकर अर्जाची सोय पुन्हा आणली ती बंधनाविना, व्हर्जिनियाने मात्र 2019 मध्ये बंधनासह. मिशिगनसारख्या सार्वजनिक विद्यापीठानेही 2025 मध्ये हीच वाट धरली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ह्या पद्धतीविरुद्ध बत्तीस महाविद्यालयांवर मक्तेदारीविरोधी कायद्याखाली खटला दाखल झाला. न्यायालय काय म्हणेल ते म्हणो.

आम्हांस अधिक खुपते ते आपल्या माणसांचे बोलणे. रामाच्या वनवासापासून हरिश्चंद्राच्या डोंबाघरापर्यंत सगळे दाखले त्या मुलीपुढे ठेवले गेले म्हणे. हरिश्चंद्र राजा होता, आणि देणे आपल्याजवळचे होते. ही मुलगी बापाच्या न उरलेल्या पगाराच्या भरवशावर चार वर्षांचे कर्ज डोक्यावर घेणार होती. महाविद्यालयाचे उत्तर तिला दुसऱ्याच दिवशी आले : अर्ज वर्ग केला आहे, कळविल्याबद्दल आभार. त्यात 'वचन' हा शब्द कोठेही नव्हता. जानेवारीच्या आत तिने आणखी सहा अर्ज भरले. त्यांत राज्याच्या विद्यापीठाचा एक होता, आणि त्यावर तिच्या आईने स्वतः बसून प्रत्येक आकडा तपासला.