टीव्हीवर व्हायरस, बांधावर साप

2025 च्या जानेवारीत आठ-दहा दिवस टीव्ही अन् व्हॉट्सॲपवर एकच विषय होता, एचएमपीव्ही. चीनमधल्या दवाखान्यांचे व्हिडिओ फिरले, पुन्हा लॉकडाऊन लागणार का म्हणून लोक विचारू लागले. खरं तर हा विषाणू 2001 सालीच सापडलेला. बहुतेकांचं सर्दी-खोकल्यावर निभावतं. बातमी आली तशी गेली.

आता दुसरा आकडा बघा. 2000 ते 2019 या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने अंदाजे 12 लाख माणसं दगावली. वर्षाला 58 हजार, म्हणजे रोज दीडशेच्या वर. बहुतेक खेड्यातली, त्यातली निम्मी जून ते सप्टेंबर या पेरणी-खुरपणीच्या दिवसांत. पण ही माणसं एकेक करून, वेगवेगळ्या गावांत जातात, त्यामुळे चॅनलवाल्यांना त्यात 'ब्रेकिंग' दिसत नाही. बातमी नाही म्हणून ओरड नाही, अन् ओरड नाही म्हणून पीएचसीत इंजेक्शन आहे की संपलंय, हे कोणी विचारत नाही.

मण्यार तर रात्री, खाली झोपलेल्याला चावतो. फारसं दुखतही नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या जड होतात, घरचे म्हणतात पित्त झालं. तास-दोन तास तिथंच जातात, उरलेले मांत्रिकाकडे. जखम कापू नका, करकचून बांधू नका, थेट 108 लावा.

केंद्राने नोव्हेंबर 2024 मध्ये राज्यांना सर्पदंशाची नोंद सक्तीची करायला सांगितलंय. आपल्या पीएचसीत किती नोंदी झाल्या, रात्री डॉक्टर असतात का, हे 1 मेच्या ग्रामसभेत विचारता येईल.